सौंसर सत्तावीस

माझ्या रागाबद्दल उर्मिलाचं म्हणणं असं, की तो मशीनवर चढतो अन् माणसांवर उतरतो. उर्मिला माझी बायको. तिचं म्हणणं खरं आहे, पण मी ते तिच्यासमोर आजवर कबूल केलेलं नाही अन् करणारही नाही. इथं सांगून टाकतो, कारण ही सगळी भानगड त्या रागापासूनच सुरू झाली.

अठ्ठ्याऐंशी साल. मी राहायला सौंसरला, नोकरी बोरगावला, सुताच्या कंपनीत. कंपनीचं हेड ऑफिस नागपूरला. त्या वर्षी कंपनीला कॉम्प्युटरचा शौक लागला. चार कॉम्प्युटर आले, एक गेटावर, एक स्टोअरला, दोन ऑफिसात, अन् काचेच्या खोलीत पाचवी एक मोठी पेटी. चारही तारेनं त्या पेटीला जोडलेले. पेटीच्या पोटात कंपनीतल्या एकूण एक माणसाचं नाव, कोण कोणत्या खात्यात, कोणाला कोणतं रजिस्टर उघडायची परवानगी. गेटावर ट्रक आला की गेटावरचा कॉम्प्युटर पेटीला विचारणार, हा माणूस आपला आहे का? पेटी हो म्हणाली की पास निघणार. पेटी गप्प बसली की ट्रक उभा, स्टोअर बंद, अन् ऑफिसातली मंडळी चहाला. अख्खी कंपनी एका पेटीच्या होकारावर चालून राहिली होती, अन् त्या पेटीचा सांभाळ माझ्याकडे.

पेटी बसवून झाली तेव्हा नागपूरचे साहेब जाता जाता म्हणाले, "श्रीधर, एक महिना पाहतो. पेटी बंद पडली तर अर्ध्या तासात जबाबदार माणूस तिच्यासमोर उभा पाहिजे. रविवार असो, सण असो. एकदा जरी चुकलं तर पेटी नागपूरला नेतो, तिकडून तुम्हाला लाइन देऊ. मग तुम्हीही तिकडेच या."

दुसरा कोणी असता तर नागपूरच्या नावानं पेढे वाटले असते. मला मात्र नागपूर नको होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, अन् त्यातली पावणेचार वर्षं उर्मिला मंडल्याकडं एका शाळेत मास्तरीण. अर्ज करून करून तिची सौंसरला बदली झाली, त्याला फक्त तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं, की ही बाई सकाळी उठल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाही, अन् वरणातला कढीपत्ता काढून गुपचूप माझ्या ताटात टाकते. आता कुठं संसार अंगी लागून राहिला होता. अन् हे म्हणतात, तिकडेच या!

उर्मिलाला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. "पुन्हा एकटीपुरता कुकर मी लावणार नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली, अन् पुन्हा चिरायला लागली. त्या दिवशी भाजी जरा जास्तच बारीक झाली होती.

पेटीवर पहारा ठेवायला एक प्रोग्राम आला होता. दोन फ्लॉप्या अन् एक जाडजूड पुस्तक. हा प्रोग्राम गेटावरच्या कॉम्प्युटरात बसून दर मिनिटाला पेटीला हाक मारायचा, जागी आहेस का? उत्तर नाही आलं की घंटी वाजवायची अन् प्रिंटरवर चिठ्ठी काढायची: पेटी बंद, अमक्याला कळवा, नंबर हा. गेटावर ड्युटीला नत्थूजी. पलटणीतून रिटायर झालेला माणूस. इंग्रजी अक्षराला अक्षर जोडून वाचायचा, पण छापलं असेल तेच वाचायचा, त्यात आपल्या मनचं काही घालायचा नाही. चिठ्ठी वाचून टेलिफोन उचलायचा अन् एक्स्चेंजला नंबर मागायचा, एवढं त्याचं काम.

ऐकायला सोपं वाटते. पण त्या प्रोग्रामला सगळं आधी समजावून द्यावं लागे. किती थांबायचं, कितीदा हाक मारायची, कोणाला कळवायचं. पहिल्या दिवशी मी हुशारी केली अन् सांगितलं, एकदा उत्तर नाही आलं की वाजव घंटी. शेजारचं कापसाचं जिनिंग सुरू झालं की व्होल्टेज बसायचं, पेटी क्षणभर गांगरायची, अन् इकडं घंटी सुरू. दुपारपर्यंत एकोणीस वेळा वाजली. शेवटी नत्थूजीनं घंटीत फडकं कोंबलं अन् मला म्हणाला, "श्रीधरभाऊ, लढाईतही इतका भोंगा नाही वाजत." मी तीन हाकांची मुदत भरली, तेव्हा कुठं घंटी शांत झाली.

मग पाळी आली नावांची. जबाबदार माणसं तीन. पहिला मी, दुसरा इलेक्ट्रिशियन गजानन, तिसरा स्टोअरचा तुळशीराम. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा टेलिफोन नंबर. आता टेलिफोन होता कोणाकडं हो? माझा नंबर सत्तावीस, पीपी. गजाननचा सत्तावीस, पीपी. तुळशीराम राहायचा मोहगावला, पण त्याचा भाऊ आमच्या गल्लीत, म्हणून त्याचाही सत्तावीस. पीपी म्हणजे टेलिफोन दुसऱ्याचा, नंबर आपला. अर्जावर, लग्नपत्रिकेवर आम्ही बेधडक तो छापायचो, अन् ज्याचा टेलिफोन त्यानं आम्हाला हाका मारत फिरायचं. अर्ध्या मोहल्ल्याचा नंबर सत्तावीसच होता.

मी तिघांची नावं भरली. प्रोग्राम म्हणाला, हा नंबर आधीच एका माणसाच्या नावावर आहे, दुसरा द्या. पुस्तकात पाहिलं तर तिथंही तेच, एका नंबरावर एकच माणूस. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात घरोघरी टेलिफोन असावेत. मी पुन्हा भरलं, त्यानं पुन्हा नाकारलं. तिसऱ्यांदा नाकारलं तेव्हा माझं डोकं सटकलं. म्हटलं, सत्तावीस नंबरावर एकच माणूस पाहिजे ना तुला? घे मग! अन् नावाच्या जागी ठोकून दिलं, वच्छला. नंबर, सौंसर सत्तावीस. प्रोग्रामनं मुकाट्यानं घेतलं.

वच्छलाकाकूंची पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यांचा नवरा भिवाजी संत्र्याचा व्यापारी, नागपूरच्या मंडीशी बोलायला त्यांनी टेलिफोन घेतला होता. भिवाजी जाऊन चार वर्षं झाली होती. टेलिफोन तिथंच राहिला, पिठानं पांढरा झालेला. टेलिफोनच्या पुस्तकात नाव भिवाजींचं, गिरणीच्या पाटीवर भिवाजींचं, विजेच्या मीटरवरही भिवाजींचंच. एक्स्चेंजवाली मुलगी म्हणायची, "भिवाजींचा नंबर ना?" अन् काकू टेलिफोन उचलून म्हणायच्या, "हाव, गिरणी." नवऱ्याचं नाव त्यांनी घ्यायचं नव्हतं, अन् त्यांचं स्वतःचं नाव त्यांना कोणी विचारत नव्हतं.

पण निरोपाची त्यांची पद्धत मात्र पक्की. सकाळी गल्लीभराचे डबे गिरणीत यायचे. कोणता डबा कोणाचा हे काकूंना पोचे पाहून कळायचं. टेलिफोनवर कोणाचा निरोप आला की त्या घरच्या डब्याच्या झाकणावर खडूनं लिहायच्या. संध्याकाळी पीठ घरी, पिठासोबत निरोप घरी. 'मोठे जावई मंगळवारी येतात.' 'मुलगी झाली, दोघी बऱ्या.' उर्मिला मंडल्याला होती तेव्हा तिचा ट्रंक कॉल दर रविवारी याच नंबरावर यायचा. मी कामावर अडकलो असलो तर संध्याकाळी माझ्या डब्यावर लिहिलेलं असायचं, 'उर्मिला बरी आहे. खोकल्याचं औषध घे म्हणते.' निरोप घाईचा असला तर काकू गिरणीच्या दारात उभ्या राहून हाक मारायच्या. तीस वर्षं गिरणीच्या आवाजावर आवाज काढलेला, ती हाक थेट बाजारात ऐकू जायची.

मी त्यांना सांगायला गेलो. "काकू, बोरगावहून नत्थूजीचा फोन आला की आम्हा तिघांपैकी जो सापडेल त्याला धाडा. अर्ध्या तासात पोचला पाहिजे."

"अन् तुम्ही तिघं कुठं उंडारून राहिले ते मले कोण सांगन?"

"आम्ही सांगून जाऊ ना."

"सांगून जाशील तू! परवा डबा ठेवून पळाला. जाड दळू का बारीक, तोंडातून शब्द नाही. भैताड कुठचा!"

त्या दिवसापासून नियम झाला. तिघांपैकी कोणीही घराबाहेर पडला की आधी गिरणीत सांगणार. त्या महिन्यात पेटी पाच वेळा बंद पडली, अन् पाचही वेळा काकूंनी माणूस पाठवला. एकदा गजाननला अर्ध्या दाढीवरून उठवलं. तो एका गालाला साबण तसाच घेऊन सायकलवर बोरगावला पोचला, एकोणीस मिनिटांत. एकदा मी छिंदवाड्याला असताना हाच गजानन पेटीसमोर रडकुंडीला आला, काय आधी चालू करायचं तेच त्याला आठवेना. तेव्हा काकूंनी मला बसवून विचारलं, "पेटी सुरू कशी करता ते मले सांग. मी लिहून ठेवते. त्याच्या डोक्याचा काही भरवसा नाही."

मी सांगितलं, त्यांनी एका जुन्या झाकणावर खडूनं लिहिलं. स्टॅबिलायझर बंद. शंभर मोजा. स्टॅबिलायझर चालू, काटा हिरव्यात येऊ द्या. मग पेटी चालू. हिरवी अक्षरं येईपर्यंत हात लावू नका. "शंभर काऊन मोजायचे?" काकूंनी विचारलं, अन् मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "समजलं. मोटरही लगेच सुरू केली की जळते. माही दोनदा जळली." गजाननला जे इतक्या दिवसांत समजलं नव्हतं ते त्यांना एका बैठकीत समजलं. झाकण खिळ्याला लटकलं, टेलिफोनच्या वर.

महिना संपायला दोन दिवस राहिले. शनिवारी साहेबांचा नागपूरहून फोन आला.

"श्रीधर, रिपोर्ट चांगला आहे. पण पाचही वेळा जबाबदार व्यक्ती वच्छला. ही वच्छला कोण? स्टाफच्या यादीत तर हे नाव नाही."

खरं सांगायला काय हरकत होती? साहेब, ह्या आमच्या गिरणीवाल्या काकू, ह्यांच्यामुळे आम्ही वेळेवर पोचतो. दोन वाक्यं. पण माझ्या डोळ्यांसमोर नागपूरची भाड्याची खोली आली अन् उर्मिलाचा एकटीचा कुकर आला. पिठाची गिरणी ऐकून हा माणूस पेटी उद्याच उचलेल, असं मला वाटलं. 

"साहेब, ती... ती टायपिंगची चूक आहे. दुरुस्त करतो."

"करा. टेलिफोनच्या पुस्तकात जे नाव असेल ते टाका."

मी टाकलं. वच्छला खोडलं, भिवाजी लिहिलं. दहा सेकंदही लागले नाहीत. रात्री जेवताना उर्मिला म्हणाली, आज गप्प काऊन? मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उर्मिलाची बहीण पुष्पा पांढुर्ण्याला राहते, तिच्या मुलीचं बारसं होतं. पेटीची पाळी गजाननची होती. सकाळी बसला निघताना मी गिरणीत सांगायला गेलो.

"काकू, आम्ही पांढुर्ण्याला जाऊन राहिलो. संध्याकाळपर्यंत येतो. गजानन आहे इथं."

"जाय, खुशाल जाय," काकू म्हणाल्या. डोक्यावर पदर, पदरावर पीठ, आज मजेत दिसल्या. "मी आहे ना. नाव माहं लिहिलं आहे तुमच्या पेटीत. तो नत्थू दर वेळी वाचते, वच्छला, सौंसर सत्तावीस. मी आपली हाव म्हणते, पण ऐकायले लय बरं वाटते रे. इतक्या वर्षांत कोणी असं पूर्ण नाव घेऊन काम सांगितलं नव्हतं मले."

मी तिथं उभा राहिलो. सांगायचं होतं. पण उर्मिलानं रस्त्यावरून हाक मारली, "अहो, बस सुटते!" अन् मी निघालो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती, पण मला काही दिसलं नाही. बारशाच्या जेवणात काय होतं तेही आठवत नाही.

पुढचं मला नत्थूजीनं सांगितलं, अन् राहिलेलं त्या वेळी गिरणीत असलेल्या भगवंतरावांनी. दोघांनी इतक्या वेळा सांगितलं, की मीच तिथं हजर होतो असं आता वाटते.

अकराच्या सुमारास साहेबांची जीप गेटावर आली. न कळवता. साहेब काचेच्या खोलीत गेले, आपल्या हातानं पेटी अन् स्टॅबिलायझर दोन्ही बंद केले, अन् गेटावर खुर्ची टाकून घड्याळ हातात घेऊन बसले. तीन मिनिटांत घंटी वाजली. चिठ्ठी निघाली. नत्थूजीनं वाचली अन् थबकला. भिवाजी जिवंत नाहीत हे त्याला माहीत होतं. पण साहेब समोर, अन् छापलेलं हातात.

"भिवाजी, सौंसर सत्तावीस," नत्थूजी टेलिफोनमध्ये म्हणाला. "पेटी बंद आहे. साहेब बसले आहेत. साहेब म्हणतात, ज्याचं नाव आहे त्या जबाबदार माणसानं स्वतः यायचं आहे."

नत्थूजी म्हणतो, पलीकडं आधी गिरणीचा आवाज होता. मग गिरणी थांबली. दाणे घातलेले असताना ती गिरणी कधी थांबलेली त्यानं ऐकली नव्हती.

"कोणतं नाव म्हणता?" काकूंनी विचारलं.

त्यानं पुन्हा वाचलं.

"बरं," काकू म्हणाल्या, अन् टेलिफोन ठेवला.

गजानन, ज्याची पाळी होती तो, म्हैस पाहायला रामाकोन्याला गेलेला. तासाभरात येतो म्हणून सांगून गेला होता. तुळशीराम मोहगावला तापानं पडलेला. मी पांढुर्ण्याला, बारशाच्या पाळण्याजवळ. गिरणीत होते फक्त भगवंतराव. संत्र्याच्या बागेचे मालक, वय साठ, स्वतःच्या राजदूत मोटरसायकलला स्वतःच भिणारा माणूस. गहू घेऊन आले होते. काकूंनी खिळ्यावरचं झाकण काढलं अन् म्हणाल्या, "भगवंतराव, गाडी काढा. बोरगावला जायचं आहे."

"वहिनी, अन् माहे गहू?"

"गहू कुठं पळत नाही."

सात-आठ किलोमीटरचा रस्ता. मागं काकू एका बाजूला पाय टाकून बसलेल्या, काखेत झाकण, अन् सारखं एकच, "जरा दाबा ना जी, बैलगाडी पुढं निघून राहिली." भगवंतराव म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेवटचा गिअर टाकला.

चोविसाव्या मिनिटाला दोघं गेटावर. काकूंच्या भुवयांवर पीठ तसंच. साहेब उठून उभे राहिले. "आपण?"

"तुमच्या कागदावर ज्यायचं नाव आहे ते जाऊन चार वर्षं झाले," काकू म्हणाल्या. "टेलिफोन मी उचलते. मी वच्छला. पेटी कुठं आहे?"

साहेबांनी चिठ्ठीकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं, काखेतल्या झाकणाकडं पाहिलं, अन् काचेचं दार उघडलं. काकूंनी चपला बाहेर काढल्या. पदर झटकला, पीठ आत जायला नको म्हणून. झाकण समोर धरलं. "बंद तर आहेच," त्या म्हणाल्या, "मग शंभर." अन् मोठ्यानं मोजायला लागल्या. नागपूरचे साहेब बाजूला हात बांधून उभे. साठावर त्यांचा हात पेटीकडं गेला.

"हात नका लावू जी. चाळीस राहिले."

साहेबांनी हात मागं घेतला. शंभर झाले. स्टॅबिलायझर, मग काटा, मग पेटी. हिरवी अक्षरं आली तेव्हा घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती. काकू चपला घालून निघाल्या. चहा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "दाणे तसेच टाकून आली मी," अन् राजदूतवर बसून गेल्या.

सोमवारी सकाळी मी कामावर गेलो तर साहेब माझ्या खुर्चीत बसलेले. रात्री बोरगावलाच राहिले होते.

"श्रीधर," ते म्हणाले, "तुमची टायपिंगची चूक काल इथं येऊन गेली."

 मी सगळं सांगितलं. पीपी नंबर, प्रोग्रामचा हट्ट, माझा राग, शनिवारचं खोटं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"पेटी इथंच राहील," ते शेवटी म्हणाले. "आमच्याकडं नागपुरात चौथ्या मजल्यावर चार इंजिनिअर आहेत, रविवारी एकही सापडत नाही. पण काम ज्याचं, नाव त्याचं पाहिजे. खोट्या नावाचा रिपोर्ट मी पुन्हा पाहणार नाही."

पेटी राहिली! मी राहिलो! नाव दुरुस्त करायचं तसंच ठेवून मी संध्याकाळी नाचतच घरी आलो. उर्मिलाला सांगितलं, तिनं आनंदानं माझ्या पाठीत धपाटा घातला, मग डोळे पुसले. मग म्हणाली, "अहो, पण आपला डबा काऊन नाही दळला काकूंनी? सगळ्या गल्लीचे दळले. आपला तसाच ठेवला आहे, झाकणावर काही लिहिलंही नाही."

मंगळवारीही दळला नाही. बुधवारी दोन वेळा भात झाला. उर्मिला मास्तरीण आहे, पोरांच्या तोंडातून खरं काढायची तिला सवय. माझ्याकडून काढायला तिला पाच मिनिटं लागली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पावणेचार वर्षं," ती म्हणाली, "मी मंडल्याहून फोन करायची. लाइन लागायला दोन-दोन तास जायचे. तुम्ही नसले तर काकू म्हणायच्या, जेवतो बरोबर, काळजी नको करू, मी पाहते. मी तिकडं एकटी कशाच्या भरवशावर राहिली, माहीत आहे तुम्हाला? त्या बाईला तुम्ही चूक म्हटलं?"

मी चपला घातल्या अन् गिरणीत गेलो. गिरणी सुरू, काकू पाठमोऱ्या.

"काकू, माझं चुकलं!"

"काय?"

"चुकलं माझं!"

"ऐकू नाही येऊन राहिलं!"

"चुकलं म्हणतो! तुमचं नाव खोडायला नको होतं! मी भ्यालो!" मी इतक्या जोरानं ओरडलो, की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. काकूंना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं हे मला पक्कं माहीत आहे. त्यांनी दाणे सारखे केले, हात झटकले, अन् माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "मले कायले सांगते? जिथं खोडलं तिथं लिही."

गुरुवारी सकाळी मी सर्वांच्या आधी बोरगावला पोचलो. भिवाजी काढलं, वच्छला लिहिलं. एक एक अक्षर पाहून लिहिलं. मग प्रोग्रामला तपासणीची घंटी वाजवायला सांगितलं, तशी सोय होती त्यात. घंटी वाजली, चिठ्ठी निघाली. नत्थूजीनं टेलिफोनला हात घातला.

"द्या इकडं," मी म्हटलं. "आज मी वाचतो."

एक्स्चेंजवाल्या मुलीला सत्तावीस मागितला. "भिवाजींचा नंबर ना?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "वच्छलाबाईंचा."

घंटी गेली. टेलिफोन उचलला. "हाव, गिरणी." मागं गिरणीची घरघर.

मी चिठ्ठी समोर धरली अन् नत्थूजी वाचतो तशीच वाचली. "वच्छला, सौंसर सत्तावीस?"

 मग गिरणी थांबली. मी वाट पाहिली. नत्थूजी माझ्या तोंडाकडं पाहून राहिला होता.

"हाव," काकू म्हणाल्या, अन् मग घसा साफ करून पुन्हा म्हणाल्या, "वच्छला बोलून राहिली."

मी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

"बोल ना भैताडा. पेटी बंद आहे का?"

"नाही काकू. सुरू आहे."

"मंग संध्याकाळी डबा न्यायले ये. दळून ठेवते."